माती तपासायला आले, घरोघरचा हिशेब मांडून गेले : डॉ. हॅरॉल्ड मॅन

शेतकरी बांधवांनो, पुण्याचं शेतकी कॉलेज तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. कुणी प्रदर्शनाला गेला असेल, कुणी बियाण्याच्या चौकशीला, कुणी पोराच्या प्रवेशासाठी. त्या कॉलेजचे पहिले प्राचार्य एक इंग्रज होते, डॉ. हॅरॉल्ड मॅन. शेतकी शिकलेल्या माणसांना हे नाव ऐकून माहीत असतं. पण या साहेबानं आपल्या गावांचा, आपल्या सातबाऱ्याचा आणि आपल्या ताटाचा जो हिशेब मांडून ठेवला, तो मात्र फार थोड्यांनी वाचलेला आहे. पुस्तकं इंग्रजीत, किंमत जास्त, आणि गावात ती यायची कशी? म्हणून आज या पानावर त्यांची हकीगत सांगतो. तलाठी, ग्रामसेवक आणि सोसायटीचे सचिव यांनीही ती जरूर वाचावी, कारण ही हकीगत निम्मी तुमच्याच दप्तराची आहे.

मॅनसाहेबांचा जन्म १८७२ चा, इंग्लंडमधला. शिक्षण रसायनशास्त्राचं. लीड्सच्या कॉलेजात शिकले, पुढे पॅरिसला पाश्चर संस्थेत काही काळ होते. म्हणजे मूळचा माणूस प्रयोगशाळेतला. काचेच्या नळ्या, ताजवा आणि मातीचा नमुना एवढंच त्याचं जग असायला हवं होतं. १९०० साली ते हिंदुस्थानात आले ते चहावाल्या मळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रज्ञ म्हणून. कलकत्त्याला बसायचं आणि आसामच्या मळ्यांतली माती, खत, कीड बघायची, असं काम. चहावर पडणाऱ्या किडी-रोगांवर सर जॉर्ज वॅट यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९०३ साली निघालं. आसामात चहा संशोधनाचं केंद्र १९०४ मध्ये सुरू झालं, त्यातही त्यांचा हात होता. सात वर्षं असं चाललं. या भागाबद्दल जास्त सांगत नाही, कारण आपल्याकडे चहा फक्त कपात असतो.

पण याच काळात त्यांनी एक वेगळंच काम केलं, आणि पुढच्या सगळ्याचं बी तिथं पडलं. इंग्लंडमध्ये बेडफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या रिजमाँट या शेतीच्या गावाची त्यांनी १९०३ साली घर न् घर पाहणी केली. तिच्यावरचा निबंध १९०४ साली प्रसिद्ध झाला. पद्धत होती राउन्ट्री यांची. राउन्ट्री म्हणजे चॉकलेटच्या कारखानदार घराण्यातले गृहस्थ. त्यांनी यॉर्क शहरातल्या गरिबांची मोजणी करून १९०१ साली पुस्तक काढलं होतं. त्यांची युक्ती साधी होती. माणसाला अंगात काम करण्याइतकी ताकद राहावी म्हणून किती अन्न लागतं ते आधी ठरवायचं. त्याची बाजारभावानं किंमत काढायची. त्यात घरभाडं, कपडालत्ता आणि सरपण मिळवायचं. मग त्या घरची सगळी कमाई एका बाजूला ठेवायची. एक पैसाही दारू-तंबाखूत न घालवता कमाई जर त्या आकड्याला पोचत नसेल, तर ते घर खरोखर गरीब.

मॅननी ही फूटपट्टी शहरातून उचलली आणि खेड्याला लावली. निघालं काय? गावातली जवळपास तिसरा हिस्सा माणसं अशी होती की, कितीही काटकसर केली तरी त्यांना अंग धरण्यापुरतं अन्न मिळू शकत नव्हतं. हे कुठलं गाव? ज्या साहेबाचं तेव्हा आपल्यावर राज्य होतं, त्याच्या देशातलं! खेड्यातली हवा चांगली, दूध-भाजी घरची, तिथं उपास कसला, अशी शहरी समजूत तिकडेही होतीच. आणि मजूर आळशी म्हणून गरीब, ही समजूत तर जगभर आहे, आपल्या चावडीवरही आहे. मॅनच्या हिशेबानं तिला उलटं केलं. मजुरीच इतकी थोडी होती की राबूनही पोट भरत नव्हतं. जे पोट भरत नाही ते अंग राबणार तरी किती?

१९०७ साली ते पुण्याला शेतकी कॉलेजचे प्राचार्य होऊन आले. पुढची वीस वर्षं ते आपल्या मुलखात होते. सुरुवातीला प्राचार्य, मग १९२१ पासून १९२७ पर्यंत मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे डायरेक्टर. या वीस वर्षांत त्यांनी चाऱ्याच्या पिकांवर लिहिलं. बटाट्यावर सहकाऱ्यांबरोबर १९२० साली मोठी पत्रिका काढली. विहिरींच्या पाण्याचं पृथक्करण केलं. सगळं सांगत बसलो तर पान पुरणार नाही. एक मात्र सांगितलंच पाहिजे, ते नीरा खोऱ्याचं.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. दुष्काळी भागाला पाणी मिळालं, ऊस आला, गुऱ्हाळं लागली, सगळे खूष. पण वीस-पंचवीस वर्षांत काही रानांवर पांढरं पीठ फुटायला लागलं. पीक पिवळं पडायचं, बी उगवायचंच नाही, आणि शेवटी रान सोडून द्यावं लागायचं. हे तुम्हाला नवीन नाही. कालव्याखालच्या कुठल्याही गावात जा, चोपण झालेलं रान दाखवणारा एक तरी भेटतोच. मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली शेतकी खात्याची पत्रिका काढली. आपल्या भागातल्या मीठफुटीच्या जमिनींवर शास्त्रानं लिहिलेल्या पहिल्या कामांपैकी ते एक आहे.

त्यातलं इंगित समजून घ्या. काळी जमीन खोल असते, चिकण असते, पाणी धरून ठेवते, खाली लवकर सोडत नाही. कालव्याचा पाझर आणि उसाला बेसुमार दिलेलं पाणी, दोन्ही खाली साठतं. खालची पाणीपातळी वर येते. ती मुळांच्या जवळ आली की उन्हानं पाणी उडून जातं, पण पाण्यातलं मीठ उडत नाही, ते वरच राहतं. दर उन्हाळ्यात थोडं थोडं साठतं. त्यात सोडियमचं प्रमाण वाढलं की माती चिखलासारखी बसते, वाळली की दगड होते आणि पाणी मुरेनासं होतं. मग पुष्कळ जण जिप्सम टाकतात आणि म्हणतात गुण आला नाही. अहो, खालचं पाणी निघून जायला चर नसेल, तर जिप्समनं सुटलेलं मीठ जाणार कुठं? आधी निचरा, मग जिप्सम. ही गोष्ट आम्ही खात्याची माणसं आजही गावोगाव सांगत हिंडतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती माती परीक्षणाच्या कागदावर येत नाही. पाणी वरच्या रानाला मिळतं आणि मीठ खालच्या रानात फुटतं. उसाचा पैसा एकाच्या घरात जातो आणि पड पडलेलं रान दुसऱ्याच्या नावावर राहतं. ओढ्याकाठची, सखल भागाची जमीन ज्याची असते तो बहुतेक वेळा गावातला मातब्बर माणूस नसतो. सरकारनं कालवा काढताना पाणी आत आणण्याचा खर्च धरला, बाहेर काढण्याचा धरला नाही. त्याची वसुली झाली ती सखल रानवाल्याकडून. हे माझं म्हणणं आहे, मॅनसाहेबांच्या पत्रिकेच्या तोंडी घालत नाही. पण रसायनशाळेत बसणारा माणूस पुढं घरोघर हिशेब विचारत का हिंडला, हे मला अशा रानांकडे बघून कळतं.

पुण्यात राहायला आल्यावर त्यांचं लक्ष शहरातल्या अस्पृश्य वस्त्यांकडे गेलं. तिथल्या लोकांच्या स्थितीवर त्यांचा लेख १९१२ साली लंडनच्या समाजशास्त्राच्या त्रैमासिकात आला. १९१६ साली दख्खनच्या एका गावातल्या महार समाजावर त्यांनी लिहिलं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत जी निराश्रित साह्यकारी मंडळी काढली, तिच्या पुणे शाखेशीही मॅन यांचा जवळचा संबंध होता. त्या काळातला एक सरकारी साहेब, कॉलेजचा प्राचार्य, महार-मांगवाड्याच्या जगण्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघतो, ही गोष्ट साधी नव्हती. गाव म्हटलं की आपण पाटलाच्या वाड्यापासून देवळापर्यंतचं गाव धरतो. रस्ता तिथवर येतो, नळ तिथवर येतो. पलीकडच्या वस्तीचं पाणी कुठून येतं, घरं किती दाटीनं उभी आहेत, हे विचारणारा त्या वेळी विरळाच होता.

आता मुख्य कामाकडे येतो.

पुण्याच्या वायव्येला, खडकीच्या पलीकडे, पवनेच्या काठी पिंपळे सौदागर नावाचं गाव आहे. आज ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि तिथं उंच उंच इमारती आहेत. शंभर वर्षांपूर्वी तिथं जोंधळा-बाजरी होती. मॅन यांनी हे गाव निवडलं आणि डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, ताम्हणे या आपल्या सहकाऱ्यांना घेऊन त्याची पाहणी केली. १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेतलं पहिलं पुस्तक म्हणून ती छापली गेली. एका गावाची जमीन आणि श्रम, एवढाच विषय. पण असं काम तोवर आपल्याकडे कुणी फारसं केलं नव्हतं.

त्यांनी जुने कागद उलगडले. पेशवाईत, १७७१ साली, या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ती १७॥ एकरांवर आली. १८२० ते १८४० या काळात १४ एकर. आणि १९१४-१५ साली ७ एकर. दीडशे वर्षांच्या आत चाळिसाचे सात! आज आपल्याकडे सात एकरवाला स्वतःला बरा शेतकरी म्हणवतो, लग्नात मुलाकडची मंडळी सात एकर सांगताना जरा मोठ्यानं बोलतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्राची सरासरी १.३४ हेक्टर निघाली, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. मॅनसाहेब ज्या सात एकरांनी अस्वस्थ झाले, त्याच्या निम्म्यापेक्षाही ती कमी आहे.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. सात एकर म्हणजे एका जागी सात एकर का? छे! १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेच्या वर तुकडे होते. त्यातले ४६३ तुकडे एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. भावाभावांत वाटणी होताना प्रत्येकाला काळ्यातलं थोडं, मुरमाडातलं थोडं, विहिरीजवळचं थोडं, असं करता करता चिंध्या झाल्या. वाटणी न्याय्य झाली, यात शंका नाही. पण त्या न्यायाची किंमत त्यांनी मांडून दाखवली. नवं काही करण्याची उमेद जाते. बैल आणि माणूस या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जाण्यात दिवस घालवतात. बांधाखाली जमीन जाते. विहीर खणावी तर कुणासाठी? राखण करावी तर कुठल्या तुकड्याची? बाहेरून पैसेवाला कसणारा यायला धजत नाही. बांधावरून होणाऱ्या मारामाऱ्या आणि कोर्टकचेऱ्या यांचा हिशेब मी वेगळा सांगायला नको. तो तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे.

मग आला घरोघरचा हिशेब. गावात १०३ कुटुंबं धरली. पद्धत तीच, रिजमाँटची. पण इथं त्यांनी एक शहाणपणा केला. इंग्लंडचं माप इथं लावलं नाही. गावकऱ्यांनाच विचारलं की तुमच्या मतानं माणसाला नीट राहायला वर्षाला काय काय लागतं, किती धान्य, किती कापड. चैनीचं काही नाही. गावानं स्वतः ठरवलेलं माप. त्या मापाला प्रत्येक घर बसतं का ते पाहिलं. पीक साधारण बऱ्या सालाचं धरलं, दुष्काळाचं नाही.

८ कुटुंबं नुसत्या जमिनीवर नीट जगत होती. २८ कुटुंबं जमीन अधिक बाहेरचं काम धरून कशीबशी त्या मापाला पोचत होती. ६७ कुटुंबं दोन्ही धरूनही पोचत नव्हती.

हे आकडे घाईनं वाचू नका. शंभरात पासष्ट घरं स्वतःच्याच गावानं ठरवलेल्या साध्या जगण्याच्या खाली. तेही चांगल्या सालात. आणि नुसत्या जमिनीकडे पाहिलं तर शंभरातल्या ८१ जमिनी अशा होत्या की, सगळं मनासारखं झालं तरी मालकाला पोसू शकल्या नसत्या. मग उरलेली घरं तगली कशावर? मुख्यतः शेजारच्या खडकीवर. तिथं दारूगोळ्याचा कारखाना आणि लष्करी छावणी होती, रोजगार मिळायचा. म्हणजे त्या गावातल्या कित्येक शेतकऱ्यांची शेती नोकरी पोसत होती. आज पुष्कळ घरांत हेच चालतं, एक भाऊ कंपनीत आणि दुसरा रानात. आपल्याला वाटतं हे आत्ताचं आहे.

गावावर सावकाराचं कर्ज तेरा हजार रुपयांच्या वर होतं आणि व्याजच वर्षाला अडीच हजारांच्या घरात जात होतं. त्या काळातला रुपया होता तो, लक्षात घ्या. धान्य खळ्यावरून घरात येण्याआधी त्याचा एक वाटा दुसऱ्याच्या नावावर लिहिलेला असे.

काही लोक म्हणाले असतील की हे गाव शहराजवळचं, इथली गोष्ट निराळी. म्हणून मॅन आणि कानिटकर यांनी दुसरं गाव घेतलं, शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. शहरापासून लांब, कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. ते पुस्तक १९२१ साली निघालं. तिथं १४७ कुटुंबं होती. जमिनीवर नीट जगणारी १०, बाहेरचं काम धरून जगणारी १२, आणि न भागणारी १२५. शंभरात पंच्याऐंशी. खडकी जवळ नसली की काय होतं, ते या आकड्यात उघडं पडतं. मधल्या काळात, १९१८ साली, पाऊस गेला आणि इन्फ्लुएन्झाची साथ आली. दख्खनमध्ये माणसं पटापट मेली. आधीच अर्धपोटी असलेल्या अंगात साथीला तोंड द्यायची ताकद कुठून असणार, हे कुणाही डॉक्टरला विचारा.

मॅन यांच्या आकड्यांचं पुढं काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. पुस्तक निघाल्यावर वर्षभरात, १९१८ साली, बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदुस्थानातल्या लहान धारणक्षेत्रांवर इंग्रजीत लेख लिहिला. त्यात तुकडेबंदीच्या चर्चेत मॅन यांचा आधार घेतला आहे. पण निष्कर्ष बाबासाहेबांचा स्वतःचा. ते म्हणाले, नुसते तुकडे जोडून भागणार नाही. जमिनीवर माणसांचा भार जादा आहे आणि भांडवल तोकडं आहे. कारखाने उभे राहून हा जादा भार तिकडे वळला पाहिजे. पुढं १९४० साली रजनी पाम दत्त या कम्युनिस्ट लेखकानं हेच आकडे घेऊन इंग्रज राज्यावर कोरडे ओढले. आकडे एकाचेच, पण प्रत्येकानं आपापल्या वादाला वापरले. मॅन स्वतः सरकारचे नोकर होते. सरकार कुठं चुकतंय हे ते उघड बोलत नसत, निदान दुसऱ्यांइतकं नाही. हे त्यांचं उणं मानायचं तर माना. पण ज्या नोकरानं आकडा झाकला नाही, त्यानं मालकाविरुद्ध पुरावा तयार करून ठेवला, हेही खरं आहे. सरकारी अहवालात आकडा ‘समाधानकारक’ करून पाठवण्याची कला ज्यांना अवगत आहे, त्यांना यातली अवघड बाजू चटकन कळेल.

तुकड्यांचं म्हणाल तर, १९२७ साली मुंबई कौन्सिलात धारणक्षेत्रांबद्दलचं बिल आलं. त्याला जोरदार विरोध झाला, बाबासाहेबांनीही केला, आणि ते मागं पडलं. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा व्हायला १९४७ साल उजाडलं. कायदा झाला तरी गुंठ्या-गुंठ्याचे व्यवहार थांबले का, ते तलाठी भाऊसाहेबांना विचारा.

१९२६ साली शेतीच्या चौकशीसाठी लिनलिथगो साहेबांचं रॉयल कमिशन नेमलं गेलं. डायरेक्टर या नात्यानं मॅन यांनी त्यापुढं साक्ष दिली. १९२७ साली ते निवृत्त झाले. जाताना त्यांनी जे सांगितलं त्याचा मतलब असा होता की, या देशाच्या प्रगतीच्या आड येणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लोकांचं रिकामं पोट. आधी पोट भरू द्या, मग सुधारणेचं बोला. वीस वर्षं नांगर, बियाणं, खत, किडी यांचा सल्ला देणारा खात्याचा मुख्य अधिकारी जाताना हे बोलतो, याचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. आम्ही विस्ताराची माणसं शेतकऱ्याला सुधारित वाण सांगतो. तो मान हलवतो आणि घरी जाऊन जुनंच पेरतो. आम्ही म्हणतो, अडाणी आहे. पण नवीन वाण फसलं तर ज्याच्या घरात चार महिन्यांचं धान्य नाही, तो जोखीम कशी घेणार? त्याचं नाही म्हणणं हाही एक हिशेबच असतो.

निवृत्तीनंतर पुष्कळ साहेब बागेतले गुलाब बघत बसत. हे तसे बसले नाहीत. इंग्लंडला परत जाऊन वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर रुजू झाले आणि जवळजवळ तीस वर्षं तिथं काम केलं. वोबर्न हे रिजमाँटच्या शेजारचंच, म्हणजे जिथून माणसं मोजायला सुरुवात केली त्याच शिवारात परत. वोबर्नच्या रेताड जमिनीत वर्षानुवर्षं नुसतं अमोनियम सल्फेट दिल्यानं जमीन इतकी आंबट झाली होती की चुना घातल्याशिवाय तिथं पीक उभं राहीना. एकाच खताची पोती रिकामी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, जरी आपली काळी माती चुनखडीची असल्यानं इतक्या लवकर आंबट होत नाही. तण पिकाचं किती खातं, यावरही त्यांनी तिथं सहकाऱ्याबरोबर प्रयोग केले. मधल्या काळात चहाच्या पाहणीसाठी पूर्व आफ्रिकेत टांगानिकाला गेले, त्याचा अहवाल १९३३ चा. मध्यपूर्वेतल्या शेतीचंही काम केलं.

आणि एवढं सगळं करून दख्खन त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. १९५५ साली मुंबईच्या कृषी अर्थशास्त्र परिषदेनं त्यांचं एक पुस्तक छापलं. विषय मुंबई इलाख्यातल्या दख्खनचा पाऊस आणि दुष्काळ. १८६५ पासून १९३८ पर्यंत, ७४ वर्षांच्या पावसाचा अभ्यास. पुस्तक निघालं तेव्हा लेखक ८३ वर्षांचे होते. नगर, सोलापूर, पुण्याच्या पूर्वेकडच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे की वर्षाचा एकूण पाऊस किती पडला याला फारसा अर्थ नसतो. तो केव्हा पडला हे महत्त्वाचं. मृगात आला आणि मग महिनाभर तोंड दाखवलं नाही तर बाजरी गेली. हस्तानं दगा दिला तर रब्बीचा जोंधळा गेला, मग सरासरी कितीही भरू द्या. सरकारी कागदात ‘सरासरीच्या ९० टक्के’ लिहिलेलं असतं आणि शिवारात कडबासुद्धा नसतो, असं आपण पाहिलेलं आहे.

त्यांचे सहकारी कानिटकर यांचं काम पुढं कोरडवाहू शेतीतच गेलं, मांजरीला आणि सोलापूरला. कोरडवाहू शेतीवरचं त्यांचं पुस्तक १९४४ साली निघालं. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, पातळ पेरा, कोळपण्या, हे सगळं आपल्याला आज घरचं वाटतं. जातेगावात घरं मोजणाऱ्या हातांनीच पुढं त्या कोरड्या रानाचं शास्त्र लिहिलं.

पिंपळे सौदागरची फेरपाहणी पी. डी. दिसकळकर यांनी केली आणि ती १९६० साली छापून आली. मॅन १९६१ साली वारले. तेव्हा त्यांचं वय ८९ च्या आसपास होतं. त्यांचे ठिकठिकाणी विखुरलेले लेख अमेरिकन अभ्यासक डॅनियल थॉर्नर यांनी गोळा करून १९६७ साली मुंबईत पुस्तकरूपानं काढले. त्या एका पुस्तकात भारत, मध्यपूर्व आणि इंग्लंड असे तिन्ही प्रदेश आहेत. म्हणजे रिजमाँटचा अर्धपोटी मजूर आणि दख्खनचा कर्जबाजारी शेतकरी एकाच बांधणीत शेजारी शेजारी बसले आहेत. पुण्याला कामानिमित्त गेलात आणि थोडा वेळ असला, तर एखाद्या मोठ्या ग्रंथालयात हे पुस्तक मागून बघा. इंग्रजी जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला बरोबर न्या आणि त्याला कोष्टकांची पानं उघडायला सांगा. आकडे वाचायला इंग्रजी लागत नाही.